पृथ्वीचा काप कोठे घ्यावा? रेखांशगणनेच्या दोन रीती आणि संगणकावरील नकाशा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते भूगोलाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांच्या हाती नकाशा देत नसत. आधी पृथ्वीगोल आणि मागाहून नकाशा, असा त्यांचा शिरस्ता होता. गोलाला कडा नाही, नकाशाला मात्र ती असते. ही कडा निसर्गाने घातलेली नसून माणसाने घातलेली आहे, एवढे एक सत्य मनावर बिंबले की भूगोलाचा अर्धा अभ्यास झाला, अशी त्यांची धारणा होती. आज नकाशे संगणकावर तयार होतात. तरीही या कडेपायी होणारे घोटाळे संपलेले नाहीत. उलट ते अधिक गुपचूप होऊ लागले आहेत. त्यांतील एका घोटाळ्याचे स्वरूप आणि त्यावरील उपाय येथे मांडण्याचा विचार आहे.

पंचांगातील एक दाखला

विषय रूक्ष वाटू नये म्हणून आपल्या इंदुरातील रोजच्या अनुभवापासून आरंभ करू. गोकुळाष्टमी आपल्या मराठी घरांत श्रावण वद्य अष्टमीला येते. शेजारच्या माळवी घरात तोच उत्सव त्याच रात्री होतो, परंतु त्यांच्या पंचांगात ती भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आकाशातील चंद्र एकच असतो, तिथीही एकच असते. महिन्याचा काप मात्र दोघांनी दोन ठिकाणी घेतलेला असतो.

यातील मौज अशी की शुद्ध पक्षात दोघांमध्ये काहीच मतभेद नाही. रामनवमी दोघांचीही चैत्र शुद्ध नवमीला आणि गणेशचतुर्थी दोघांचीही भाद्रपद शुद्ध चतुर्थीला. फरक पडतो तो केवळ वद्य पक्षात, आणि तोही नेमका एका महिन्याचा. एखाद्याने रामनवमी आणि गणेशचतुर्थी एवढ्याच दोन तिथी ताडून पाहिल्या, तर देशात महिना मोजण्याच्या दोन रीती आहेत याचा त्याला पत्ताही लागणार नाही.

रेखांशाचे नेमके असेच आहे.

दोन रीती

ग्रिनिच येथील मूळ रेखावृत्तापासून रेखांश दोन प्रकारे मोजले जातात. पहिल्या रीतीत पूर्वेकडे ० ते १८० आणि पश्चिमेकडे ० ते उणे १८० अशी गणना होते. दुसऱ्या रीतीत शून्यापासून निघून पूर्वेकडेच चालत राहावयाचे आणि ३६० पर्यंत मोजून पुन्हा ग्रिनिचला पोहोचावयाचे. इंदूरचे रेखांश सुमारे ७५.८६ पूर्व. दोन्ही रीतींत आकडा तोच. पेरू देशाची राजधानी लिमा ७७ पश्चिमेच्या आसपास आहे. पहिल्या रीतीत ती उणे ७७ वर, दुसरीत २८३ वर. पूर्व गोलार्ध हा जणू शुद्ध पक्ष आणि पश्चिम गोलार्ध हा वद्य पक्ष. फरक पडला तर नेमका ३६० अंशांचा, अधिक नाही आणि उणाही नाही.

दोन रीती पडण्याचे कारण इतिहासात आहे. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ मानण्याचा ठराव केला. बाजूने २२ मते पडली, विरोधात एक, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. मात्र रेखांश कोणत्या दिशेने मोजावे या प्रश्नावर एवढे एकमत नव्हते. आदल्याच वर्षी रोममध्ये भूमापनशास्त्रज्ञांच्या परिषदेने एकाच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे मोजावे अशी शिफारस केली होती. वॉशिंग्टनमध्ये ती बाजूस पडली आणि दोन्ही दिशांनी १८० पर्यंत, पूर्व अधिक व पश्चिम उणे, हा ठराव १४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. ६ राष्ट्रे तटस्थ राहिली. याचा अर्थ असा की जो वाद आज संगणकाच्या पडद्यावर दिसतो, तो त्या सभागृहातही पुरता मिटलेला नव्हता.

नकाशाकारांनी आणि खलाशांनी वॉशिंग्टनची रीत उचलली. हवामानशास्त्रज्ञांना मात्र दुसरी सोयीची वाटली. वातावरणाची गणिते करताना एका अक्षवृत्तावरील सर्व बिंदू ओळीने घ्यावे लागतात आणि त्यांवरील चढउतार लहरींच्या रूपात मांडावे लागतात. अशा वेळी शून्यापासून पूर्ण वर्तुळापर्यंत सतत वाढत जाणारा आकडा सुटसुटीत पडतो. शिवाय या रीतीत नकाशाचा काप ग्रिनिचवर येतो आणि प्रशांत महासागर अखंड राहतो. हवामानाच्या अभ्यासकाला त्याची अखंडता फार मोलाची असते.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाची जाण होती. सिद्धान्तकारांनी लंका आणि उज्जयिनी यांवरून जाणारी मध्यरेषा मूळ मानली आणि इतर गावांसाठी देशांतर-संस्कार सांगितला. उज्जयिनी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिचे रेखांश सुमारे ७५.७७ पूर्व. जगाने ती मध्यरेषा स्वीकारली असती, तर नकाशाचा काप तिच्यासमोर, म्हणजे सुमारे १०४.२३ पश्चिमेला पडून उत्तर अमेरिका खंडातून गेला असता. काप कोठेही घेतला तरी कोणाचे तरी घर दुभंगते, हे यातून ध्यानात यावे.

जाळीबद्ध माहिती म्हणजे काय

आता संगणकाकडे वळू. पर्जन्य, तापमान, सागरतळाची खोली अशी माहिती बहुधा जाळीच्या रूपात साठविलेली असते. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे पृथ्वीवर घरे आखावयाची आणि प्रत्येक घरात एक आकडा ठेवावयाचा. पुष्कळशा संचिकांत प्रत्येक घराचा पत्ता स्वतंत्र लिहिलेला नसतो. आरंभी एक शीर्षनोंद असते: स्तंभ किती, ओळी किती, डाव्या खालच्या कोपऱ्याचे रेखांश-अक्षांश काय, घराची रुंदी किती. पुढे फक्त आकड्यांच्या रांगा. प्रत्येक आकड्याचे स्थान संगणक त्या चार-पाच संख्यांवरून काढतो. शीर्षनोंद चुकली की लाखो आकडे एकाच वेळी चुकीच्या जागी बसतात, आणि त्यांतील एकही तक्रार करीत नाही.

अमेरिकेतील एनसीईपी आणि एनकार या संस्थांनी १९४८ पासूनच्या वातावरणाची पुनर्रचना करून जी प्रसिद्ध जाळी तयार केली, तिची घरे अडीच अंशांची आहेत. तिच्यात १४४ स्तंभ आणि ७३ ओळी. रेखांश ० पासून ३५७.५ पर्यंत. युरोपीय केंद्राची ईआरए-५ ही जाळी पाव अंशाची. तीही ० पासून ३५९.७५ पर्यंत जाते. याउलट इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाची सीआरयू नावाची तापमान-पर्जन्याची जाळी उणे १७९.७५ पासून १७९.७५ पर्यंत आहे. देशांच्या सीमा आणि किनारे दाखविणारे नकाशेही बहुधा याच रीतीने असतात. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस, हाती घेणाऱ्याला या दोन कुळांची गाठ घालून द्यावी लागते.

घोटाळा कसा होतो

शून्य ते ३६० रीतीची संचिका क्यूजीआयएससारख्या प्रणालीत जशीच्या तशी उघडली, तर आफ्रिकेचा पूर्वभाग, आशिया, ऑस्ट्रेलिया यांवर माहिती अचूक बसते. अमेरिकेची माहिती मात्र १८० च्या पलीकडे, जगाच्या नकाशाच्या उजव्या बाहेर, रिकाम्या जागेत जाऊन पडते, आणि अमेरिकेच्या सीमारेषांखाली काहीच उरत नाही. लिमा येथील पर्जन्य विचारले, तर प्रणाली उणे ७७ वर शोध घेते आणि रिक्त उत्तर देते.

हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून वाईट तो उपाय, जो घाईत केला जातो. शीर्षनोंदीत डाव्या कोपऱ्याचे रेखांश ० आहे, ते खोडून उणे १८० लिहावे, म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. पडद्यावर नकाशा नीट चौकटीत बसलेला दिसतो. परंतु आकडे जागचे हललेले नसतात, केवळ पाटी बदललेली असते. सारे जग १८० अंशांनी सरकते. इंदूरवर आता जो आकडा दिसतो, तो वास्तविक १०४.१४ पश्चिमेचा, म्हणजे मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातला असतो. आणि नियतीचा खेळ असा की मेक्सिकोच्या त्या भागातही जुलै ते सप्टेंबरमध्ये मोसमी पाऊस पडतो! पावसाळा पावसाळ्याच्या जागी आणि उन्हाळा उन्हाळ्याच्या जागी दिसल्यावर शंका तरी कशी यावी?

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. प्रणाली आपल्याला सावध करीत नाही. दोन्ही संचिकांवर डब्ल्यूजीएस-८४ या एकाच संदर्भपद्धतीची मोहोर असते, कारण पृथ्वीचा आकार आणि मूळ रेखावृत्त दोहोंत सारखेच आहेत. फरक केवळ मोजणी कोठे तोडली याचा आहे. म्हणून संदर्भपद्धतीचे नाव बदलून हा दोष जात नाही.

आपल्यासाठी धोका अधिक का?

भारताचा विस्तार सुमारे ६८ ते ९७ पूर्व असा आहे. म्हणजे आपण सारे रेखांशाच्या शुद्ध पक्षात राहतो. आपला विद्यार्थी नवी संचिका उघडतो, इंदूर पाहतो, पुणे पाहतो, सारे जागच्या जागी असते, आणि संचिका निर्दोष आहे असा निर्वाळा देऊन तो पुढे जातो. घाना देशातील विद्यार्थ्याला ही चूक पहिल्याच क्षणी कळेल, कारण ग्रिनिचचे रेखावृत्त त्याच्या देशातून जाते आणि काप त्याच्या अंगणात पडतो. फिजी बेटांच्या रहिवाशाला उलट रीतीची चूक कळेल, कारण १८० चे रेखावृत्त त्याच्या बेटांवरून जाते. आपल्याला दोन्हीही सहजी कळत नाहीत.

पण आपला पाऊस मात्र प्रशांत महासागराशी बांधलेला आहे. एल निनोचे मोजमाप करण्यासाठी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस ५ अंशांपर्यंतचे काही चौकोन ठरविलेले आहेत. त्यांपैकी 'निनो-४' हा चौकोन १६० पूर्व ते १५० पश्चिम असा आहे, म्हणजे तो नेमका १८० च्या रेषेवर पसरला आहे. १९९७ साली एल निनो अतिशय तीव्र होता, तरी भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या जवळपास पडला. २००२ साली एल निनो त्यामानाने मध्यम होता आणि पाऊस मात्र सरासरीहून सुमारे १९ टक्के कमी पडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात या कोड्याची उकल मांडली. प्रशांत महासागराचा मध्यभाग तापला तर भारतात अवर्षणाचा संभव अधिक, आणि पूर्वभाग तापला तर तो तुलनेने कमी, असा तिचा आशय आहे. म्हणजे भारतीय अवर्षणाच्या दृष्टीने ज्या पाण्याकडे विशेष लक्ष द्यावयाचे, त्याच पाण्यातून नकाशाचा काप जातो.

या संदर्भात माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. निनो-४ चौकोनाची सरासरी काढण्यासाठी मी एका बाजूला १६० आणि दुसऱ्या बाजूला उणे १५० असे आकडे दिले. प्रणालीने लहान संख्या डावी आणि मोठी संख्या उजवी असा आपला नियम लावला आणि उणे १५० पासून १६० पर्यंतचा पट्टा घेतला. मला हवे होते ५० अंश. मिळाले उरलेले ३१० अंश! जमिनीवरील घरे रिकामीच होती, म्हणून सागरी तापमानाची सरासरी विनातक्रार निघाली. तिचा आकडा उष्ण कटिबंधातील समुद्राला शोभेल असाच होता. केवळ २००२ चा उंचवटा जवळजवळ सपाट दिसला, एवढेच खटकले. त्या खटक्याकडे दुर्लक्ष केले असते, तर 'माळव्याच्या पावसाचा प्रशांत महासागराशी विशेष संबंध नाही' असा निष्कर्ष मी आत्मविश्वासाने लिहून मोकळा झालो असतो.

योग्य उपाय

आता उपायाची रीत क्रमाने पाहू.

पहिली पायरी, संचिकेचा पहिला आणि शेवटचा रेखांश वाचावा. कमाल आकडा १८० हून अधिक असेल तर संचिका ० ते ३६० कुळातील. किमान आकडा उणे असेल तर बहुधा दुसऱ्या कुळातील. दोन्ही आकडे ० ते १८० च्या आतच असतील, तर संचिका केवळ पूर्व गोलार्धाची आहे आणि प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी पायरी, आकडा बदलावा. सूत्र साधे आहे: रेखांशात १८० मिळवावे, आलेल्या संख्येला ३६० ने भागून बाकी घ्यावी, आणि बाकीतून १८० वजा करावे. २८३ मध्ये १८० मिळविले की ४६३, बाकी १०३, वजा १८०, उत्तर उणे ७७. इंदूरचे ७५.८६ या सूत्रातून गेले तरी ७५.८६ च राहते. मात्र ऋण संख्येची बाकी सर्व संगणकभाषांत सारखी निघत नाही. उणे १० ला ३६० ने भागल्यावर पायथॉन भाषा ३५० ही बाकी देते, तर सी भाषा उणे १० देते. म्हणून सूत्र वापरण्यापूर्वी एका ऋण संख्येवर ते पडताळून घ्यावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी, स्तंभांची जागा बदलावी. अडीच अंशांच्या जाळीत स्तंभ ० पासून मोजले, तर ० ते ७१ हे स्तंभ ० ते १७७.५ अंशांचे आणि ७२ ते १४३ हे स्तंभ १८० ते ३५७.५ अंशांचे. नव्या मांडणीत ७२ ते १४३ आधी ठेवावयाचे आणि त्यांच्यामागून ० ते ७१. पत्त्यांचा जोड मध्यावर कापून खालचा अर्धा वर ठेवावा, तसे. पाटी आणि पाने दोन्ही एकत्र बदलली तरच काम पुरे होते. हे हाताने करण्याची गरज नाही. आर भाषेतील 'टेरा' संचात यासाठी 'रोटेट' नावाची आज्ञा आहे. हवामानशास्त्रज्ञांच्या सीडीओ साधनसंचात उणे १८० ते १८० हा चौकोन निवडला की स्तंभ आपोआप फिरतात.

चौथी पायरी, घराचा मध्य आणि घराची कडा यांतील भेद राखावा. वरील जाळीत ० हा पहिल्या घराचा मध्य आहे, डावी कडा नव्हे. कडा उणे १.२५ वर येते. मध्यालाच कडा समजले तर सारा नकाशा १.२५ अंश पूर्वेकडे सरकतो. इंदूरच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे १२८ किलोमीटर भरते, म्हणजे इंदूरचा पाऊस नर्मदाकाठच्या नेमावरच्या रोखाने निघून जातो. याच कारणाने अशी जाळी फिरविल्यावर तिच्या कडा उणे १८१.२५ आणि १७८.७५ अशा येतात, नेमक्या १८० वर येत नाहीत. त्या ओढूनताणून १८० वर बसवू नयेत. तसे केल्यास प्रत्येक घर आपल्या जागेवरून ढळते.

पाचवी पायरी, दुहेरी स्तंभ आहे का ते पाहावे. काही संचिकांत ० आणि ३६०, किंवा उणे १८० आणि १८०, असे दोन्ही स्तंभ असतात. वास्तविक ते एकच रेखावृत्त. एटोपो-१ या सागरतळाच्या जाळीच्या एका आवृत्तीत २१,६०० ऐवजी २१,६०१ स्तंभ आहेत, ते यामुळेच. फिरविण्यापूर्वी जादा स्तंभ काढला नाही, तर नव्या नकाशाच्या मधोमध तोच स्तंभ दोनदा येतो. याच्या उलट, ३५७.५ नंतर ३६० चा स्तंभ नसल्यामुळे समभाररेषा काढताना ग्रिनिचवर पांढरी फट पडते. तेथे पहिला स्तंभ शेवटी पुन्हा जोडून द्यावा लागतो.

सहावी पायरी, अक्षांशांचा क्रमही पाहावा. काही जाळ्या उत्तर ध्रुवापासून खाली येतात, काही दक्षिण ध्रुवापासून वर जातात. क्रम चुकला की जग उलटे टांगले जाते.

आणि शेवटची पायरी, पडताळणी. ती केवळ आपल्या गावावर करू नये. शुद्ध पक्षातले एक ठिकाण, वद्य पक्षातले एक, आणि दोन्ही कापांवरचे एकेक, अशी चार ठिकाणे घ्यावीत: इंदूर, लिमा, घानाची राजधानी आक्रा आणि फिजी. सहारा कोरडा दिसतो का, अमेझॉनचे खोरे ओले दिसते का, ॲन्डीज पर्वत किनारारेषेच्या आत बसतो का, हेही डोळ्यांनी पाहावे. दोन मिनिटांचे हे काम चार दिवसांचा मनस्ताप वाचविते.

कोणती रीत बरी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला एकच उत्तर नाही. आफ्रिका किंवा अटलांटिक महासागर अभ्यासावयाचा असेल तर काप १८० वर असावा. प्रशांत महासागर अभ्यासावयाचा असेल तर तो ग्रिनिचवर न्यावा. ज्याचा अभ्यास करावयाचा ते अखंड राहावे आणि काप परक्या मुलखात पडावा, एवढाच नियम.

गुरुजींनी गोल आधी आणि नकाशा मागाहून का दिला, याचा उलगडा मला त्या सपाट झालेल्या उंचवट्याने केला. आपल्या अंगणात सारे ठीक दिसते, एवढ्यावरून जग ठीक मांडले आहे असे ठरत नाही. शेजाऱ्याच्या पंचांगात आज कोणता महिना आहे हे विचारण्याची सवय ज्याला असते, तो नकाशातही फसत नाही. या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत तो गोल अजून असेल, तर नव्या विद्यार्थ्यांनी तो एकवार हाताने पुरा फिरवून पाहावा. त्यावर कोठेही कडा सापडणार नाही.